जुनं गोल्फ मैदान मूळ रूपात आणायचं तर : पाइनहर्स्ट नंबर २ च्या कामावरून नवख्यांसाठी

क्लबच्या मैदान समितीवर नव्याने निवडून आलेला सभासद असो किंवा लँडस्केपचं शिक्षण संपवून अशा कामावर पहिल्यांदाच रुजू झालेली मुलगी, दोघांनाही एकच घाई असते : इथे नवीन काय करता येईल? ऐंशी-शंभर वर्षांच्या मैदानावर हा प्रश्न बराच नंतर येतो. आधी विचारायचं ते असं, की इथे पूर्वी काय होतं, ते कधी गेलं आणि कशामुळे गेलं. या कामात बहुतेक वेळ आणि पैसा भर घालण्यावर खर्च होत नाही, मागच्या पिढ्यांनी घातलेली भर काढून टाकण्यावर होतो.

पायऱ्या नीट कळाव्यात म्हणून एकच मैदान घेऊ. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात पाइनहर्स्ट नावाचं गाव आहे. तिथल्या नंबर २ मैदानाचं काम बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या मैदान-रचनाकारांच्या जोडीने २०१० मध्ये हाती घेतलं आणि मार्च २०११ मध्ये मैदान पुन्हा खुलं झालं. २०१४ मध्ये तिथे पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन, म्हणजे अमेरिकेची राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा, लागोपाठच्या दोन आठवड्यांत झाली. असं त्याआधी कुठेच झालं नव्हतं. म्हणजे कामाची परीक्षाही जगासमोर झाली. शिकण्यासाठी याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आधी तारीख ठरवा

‘मूळ रूप’ म्हणजे नेमकं कोणत्या साली होतं ते? हा निर्णय पहिल्याच बैठकीत व्हायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहतं.

पाइनहर्स्टचा इतिहास थोडक्यात असा. बॉस्टनचे सोडा फाउंटनचे कारखानदार जेम्स वॉकर टफ्ट्स यांनी १८९५ मध्ये पाइनची जंगलं तोडून उजाड झालेली हजारो एकर वालुकामय जमीन घेतली आणि थंडीत हवापालटासाठी येणाऱ्यांसाठी गाव वसवलं. १९०० मध्ये स्कॉटलंडमधल्या डॉर्नॉकचा डोनाल्ड रॉस तिथे नोकरीला आला, नंबर २ ची रचना त्याचीच. नंबर २ चे अठरा होल (पहिल्या फटक्यापासून खळग्यापर्यंतचे टप्पे) १९०७ मध्ये तयार झाले. पण रॉस तिथेच राहायचा, त्याचं घर मैदानाला लागूनच होतं आणि १९४८ मध्ये वारला तोवर तो या मैदानावर काही ना काही बदल करतच राहिला. सुरुवातीला ग्रीनसुद्धा (खळग्याभोवतीची गुळगुळीत राखलेली जागा) गवताचे नव्हते, वाळूचे होते. आपल्याकडे लष्करी छावण्यांतल्या जुन्या मैदानांवर तेल मिसळलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ असत, त्याच जातीचे. गवताचे ग्रीन आले १९३५ च्या सुमारास, १९३६ च्या पीजीए चॅम्पियनशिप या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेच्या तोंडावर.

आता १९०७ हे साल धरलं तर वाळूचे ग्रीन परत आणावे लागतील. म्हणून पहिली तारीख हीच खरी तारीख, असं समजायचं कारण नाही. तीन कसोट्या लावा : मूळ रचनाकाराचा हात मैदानावर असलेला शेवटचा काळ कोणता, त्यातल्या कोणत्या वर्षाचा पुरावा सर्वांत भक्कम मिळतो आणि त्या रूपात आज खेळता येईल का. पाइनहर्स्टमध्ये या तिन्ही कसोट्यांचं उत्तर रॉसच्या उतारवयातल्या मैदानाकडे, म्हणजे १९३५ नंतरच्या दशकाकडे जात होतं.

सगळे होल एकाच तारखेचे असतील असंही नाही. एखादा होल नंतरच्या कुणीतरी खरोखर सुधारलेला असतो. तो राहू द्यावा. पण तो का राहिला, हे लेखी हवं.

पुरावा गोळा करा, आणि त्याची उतरंड लावा

पाइनहर्स्टच्या बाबतीत नशीब जोरावर होतं. गावातल्या ग्रंथालयात टफ्ट्स संग्रह आहे, त्यात जुने फोटो आणि कागद जपून ठेवलेले आहेत. शिवाय १९४३ मध्ये विमानातून काढलेले मैदानाचे फोटो हाती लागले. त्यांत फेअरवेची (होलमधला कापलेल्या गवताचा मुख्य पट्टा) रुंदी, बंकरच्या (वाळूच्या खड्ड्यांच्या) कडा, उघड्या वाळूचे पट्टे, सगळं स्पष्ट दिसत होतं.

माझ्या मते विश्वासाची उतरंड अशी लावावी : सगळ्यात वर हवाई फोटो, मग जमिनीवरून काढलेले फोटो, मग रचनाकाराचे नकाशे आणि सगळ्यात खाली माणसांच्या आठवणी. नकाशे तिसऱ्या क्रमांकावर बघून अनेकांना आश्चर्य वाटतं. पण नकाशात काढलेलं सगळं प्रत्यक्षात बांधलं गेलं असेलच असं नाही. पैसे संपतात, खडक लागतो, मुकादम आपलं डोकं चालवतो. आठवणींचं तर विचारूच नका. बहुतेक सभासदांना मैदान आठवतं ते त्यांनी सभासदत्व घेतलं त्या वर्षीचं, आणि तेच त्यांना ‘पूर्वीचं’ वाटतं.

हवाई फोटो वाचताना सावल्यांकडे लक्ष द्या. सकाळी किंवा संध्याकाळी काढलेल्या फोटोत बंकरच्या भिंतीची सावली लांब पडते, तिच्यावरून खोलीचा अंदाज येतो. भर दुपारच्या फोटोत कडा छान दिसतात, खोली मात्र काहीच कळत नाही.

भारतात हे काम करायचं तर पुराव्याची ठिकाणं वेगळी. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, म्हणजे ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. आपल्याकडे चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी किंवा पुण्यात येरवड्याचं मैदान, अशा ठिकाणी सुरुवात क्लबच्या इतिवृत्तांच्या वह्यांपासून करावी. ‘अमुक होलवरचा बंकर बुजवण्यास मंजुरी’ असा एका ओळीचा ठराव कधी कधी दहा फोटोंचं काम करतो. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे बघा, जुन्या स्पर्धांच्या स्मरणिका बघा. आणि वयस्क माळी व कॅडी (खेळाडूची पिशवी वाहणारे) यांच्याशी बसून बोला. आठवणी खालच्या क्रमांकावर असल्या, तरी ‘इथं खणलं की पांढरी वाळू निघते’ हे माळ्याचं वाक्य आठवण म्हणून सोडून द्यायचं नसतं. ती सरळ खणून तपासायची माहिती असते.

मग जमिनीच्या खाली बघा

या कामातला सगळ्यात रंजक भाग हाच, आणि नवखे नेमका हाच टाळतात, कारण त्यात गुडघ्यावर बसून माती चिवडावी लागते.

ग्रीनपासून सुरुवात करा. जुने ग्रीन जवळजवळ नेहमीच आकसलेले असतात. यात कुणाचा कट नसतो. कडेचं गवत खरवडलं जाऊ नये म्हणून मशीन चालवणारा माणूस दर खेपेला वितभर आतून वळतो. वर्षाला काही बोटं गेली तरी तीस वर्षांत कोपरे नाहीसे होतात आणि मूळचा वेडावाकडा ग्रीन गोल गरगरीत होऊन बसतो. त्या कोपऱ्यांतच झेंडा लावायच्या सर्वांत अवघड जागा असतात, म्हणजे रचनेतली खरी गंमत तिथेच असते. हे ओळखायचं कसं? ग्रीनच्या आजच्या कडेच्या बाहेर चालत जा. जमीन आणखी दोन-तीन मीटर सपाट राहून मग एकदम उतरत असेल, तर तो सपाट भाग ग्रीनचाच होता. बंकर ग्रीनला चिकटून असायच्या ऐवजी मध्ये लांब गवताचा पट्टा दिसत असेल, तरी तेच. खात्रीसाठी मातीचे नमुने काढा. ग्रीनवर वर्षानुवर्षं बारीक वाळू पसरली जाते, तिचे थर नळीत काढलेल्या नमुन्यात पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात. हे थर जिथे संपतात तिथे जुनी कड.

बंकरची गोष्ट उलटी. खेळाडू वाळूतून चेंडू मारतो तेव्हा वाळू उडून ग्रीनच्या बाजूच्या कडेवर पडते. दशकानुदशकं हे चाललं की ती कड फूट-दीड फूट उंच होते आणि ग्रीनचा उतारही बदलतो. बंकरच्या कडेला आडवा चर खणून बघा. वाळू आणि माती यांचे आळीपाळीचे थर लागले की समजायचं, सगळ्यात खालची रेघ ही मूळ जमीन. बुजवलेले बंकर लोखंडी सळई टोचून सापडतात. वाळूत सळई ज्या सहजतेने शिरते तशी भरीव मातीत शिरत नाही, हाताला लगेच कळतं.

पाइनहर्स्टमध्ये जमिनीखालून मिळालेला सर्वांत मोठा पुरावा म्हणजे एक जुना पाइप. १९३० च्या दशकात फेअरवेच्या मधोमध पाण्याची एकच ओळ टाकलेली होती. तो पाइप अजून जागेवर होता. तो सापडल्यावर प्रत्येक फेअरवेची मूळ मध्यरेषा मिळाली. तुषार जिथवर पोचायचे तिथवर गवत हिरवं आणि दाट, पुढे विरळ, आणि त्याहीपुढे उघडी वाळू, पाइनच्या सुया आणि वायरग्रास या तिथल्या रानगवताचे झुबके. मैदानाच्या ज्या ओबडधोबड कडांचं लोक कौतुक करायचे, त्या पाण्याच्या पल्ल्याने ठरलेल्या होत्या. म्हणून कूर आणि क्रेनशॉ यांनी त्या कडा कागदावर रेखाटत बसण्याऐवजी मधली पाण्याची ओळ पुन्हा महत्त्वाची केली आणि कडा आपोआप तशा होऊ दिल्या. दिसण्याच्या मागचं कारण शोधायचं आणि ते कारण परत आणायचं. नुसतं दिसणं परत आणलं तर पाच वर्षांत ते पुसलं जातं.

काय हलवायचं, काय नाही

इथे समितीत भांडणं होतात. रॉसच्या काळात चेंडू जितका लांब जायचा त्याच्या कितीतरी पुढे तो आज जातो. व्यावसायिक खेळाडूंचा पहिला फटका आता सरासरी ३०० यार्डांच्या आसपास पडतो. जुने बंकर जागच्या जागी ठेवले तर चांगले खेळाडू त्यांच्यावरून चेंडू मारून पुढे जातात. मग बंकर पुढे सरकवायचे की टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, मागे न्यायची?

माझं मत सरळ आहे : जागा असेल तोवर टी मागे न्या, बंकरला हात लावू नका. बंकर एकटा नसतो. तो जमिनीच्या एखाद्या उंचवट्याला किंवा वळणाला धरून बसवलेला असतो. तो शंभर फूट पुढे नेला की तिथे तसा उंचवटा नसतो आणि तो चिकटवल्यासारखा दिसतो. पाइनहर्स्टमध्ये हाच मार्ग धरला. नव्या मागच्या टींमुळे २००५ च्या यूएस ओपनला ७,२१४ यार्ड असलेलं मैदान २०१४ ला ७,५६२ यार्डांचं झालं. चौथ्या आणि पाचव्या होलच्या पारची (अपेक्षित फटक्यांच्या संख्येची) अदलाबदल झाली. आणि मागे जागा केली तशी पुढेही करा. ज्येष्ठ आणि नवशिक्या खेळाडूंसाठी पुढच्या टी नसतील तर सुधारणा मूठभरांसाठीच झाली म्हणायची.

ग्रीनच्या बाबतीत कूर-क्रेनशॉ यांनी दाखवलेला संयम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नंबर २ चे ग्रीन उलट्या ठेवलेल्या परातीसारखे, कडेला गेलेला चेंडू खाली घरंगळतोच. हा आकार पूर्णपणे रॉसचा नाही. वर्षानुवर्षं पडलेल्या वाळूने आणि मधल्या काळातल्या बांधकामाने तो घडला, असं जाणकार म्हणतात. पण याच ग्रीनवर १९९९ मध्ये पेन स्ट्युअर्टने शेवटच्या होलवर पुट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) खळग्यात घालून यूएस ओपन जिंकली. मैदानाची ओळख आता तीच आहे. त्यामुळे पंधराव्या आणि सतराव्या ग्रीनवरचे किरकोळ बदल सोडले तर बाकीचे आहेत तसे राहिले.

काढायला सुरुवात करा

१९७० च्या दशकात टफ्ट्स कुटुंबाकडून मालकी गेल्यावर नव्या मालकांनी मैदानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवंगार गवत पसरवलं. तेव्हा तीच फॅशन होती, दूरदर्शन संचावर हिरवं दिसलं की मैदान श्रीमंत वाटायचं. २०१० मध्ये त्यातलं सुमारे ३५ ते ४० एकर गवत उपटून काढलं, पाण्याचे १,१०० हून अधिक तुषारनळ होते ते ४५० च्या आसपास आणले आणि वायरग्रासची हजारो रोपं हाताने लावली. रफ, म्हणजे फेअरवेच्या कडेचं मुद्दाम वाढवलेलं गवत, हा प्रकारच संपला. गवत कापायच्या दोनच उंची राहिल्या : एक ग्रीनची, दुसरी उरलेल्या सगळ्याची. पाण्याची गरज निम्म्याच्याही खाली आली. समितीपुढे जाताना हा मुद्दा सगळ्यात आधी मांडा. सौंदर्यावर मतभेद होतात, पाण्याच्या बिलावर होत नाहीत.

झाडांचं प्रकरण नाजूक. पेन्सिल्व्हेनियातल्या ओकमाँटचं उदाहरण सगळे देतात. १९०३ चं ते मैदान मुळात उघडं माळरान होतं, पुढे सुशोभीकरण म्हणून त्यावर हजारो झाडं लावली गेली. १९९० च्या दशकात ती काढायला घेतली तेव्हा सभासद चिडतील म्हणून सुरुवातीला भल्या पहाटे अंधारात झाडं पाडायचे आणि उजाडायच्या आत भुसासुद्धा उचलून न्यायचे. किस्सा म्हणून ऐकायला झकास. महाराष्ट्रात मात्र असला विचारही करू नका. शहरी हद्दीत १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि ती लागावीच. आपल्याकडचा वड किंवा जुना पिंपळ फेअरवेत आला असेल तर रचना त्याच्या भोवतीने वळवणं जास्त शहाणपणाचं. काढायची ती ग्रीनवर सकाळचं ऊन अडवणारी, दाटीवाटीने लावलेली परदेशी झाडं, आणि तीही परवानगी घेऊन.

बांधकामाचा क्रम

याबद्दल फार लिहीत नाही, कारण हे काम तुम्ही करणार नाही, ठेकेदार करेल. तुम्ही क्रम मोडू देऊ नका, एवढंच : आधी निचरा, मग पाण्याचे पाइप, मग जमिनीला आकार, मग बंकर, सगळ्यात शेवटी गवत. ग्रीन खोलवर खणून नव्याने बांधायचे असतील तर खणण्यापूर्वी लेझर स्कॅनने त्यांचे चढउतार मोजून ठेवा, नाहीतर परत तसे उतरणार नाहीत. नव्या बांधणीत साधारण १० सेंटिमीटर खडीचा थर आणि त्यावर ३० सेंटिमीटर वाळूचं मिश्रण, ही अमेरिकन गोल्फ असोसिएशनची १९६० पासून चालत आलेली पद्धत बहुतेक ठिकाणी वापरतात.

पाइनहर्स्टला एक सोय होती, तिथे जमीन मुळातच वाळूची. पाऊस पडला की मुरतो. आपल्या काळ्या मातीत आणि मुरमात चार महिने पाऊस कोसळतो तेव्हा हे चालत नाही. म्हणून तिथलं ‘सगळीकडे उघडी वाळू’ हे रूप इथे नक्कल करायला जाऊ नका. पहिल्याच आषाढात ती वाळू वाहून नाल्यात जाईल. उचलायची ती विचाराची पद्धत.

गवत कोणतं, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच. तिकडे ज्याला बर्म्युडा म्हणतात ती आपली हरळीच. तिच्या संकरित बुटक्या जाती आता ग्रीनवरही वापरतात. २०१४ च्या स्पर्धा संपताच पाइनहर्स्टनेही ग्रीनवरचं थंड हवेतलं बेंटग्रास काढून चॅम्पियन नावाची अशी बुटकी हरळी लावली, कारण उन्हाळ्यात बेंटग्रास जगवणं महाग पडत होतं. इतिहास जपणाऱ्यांना हे खटकावं का? मला नाही खटकत. आकार होता तोच, गवत आजचं. आपल्याकडे लागवड पावसाळ्याच्या तोंडावर करायचा मोह होतो, पण पहिल्या जोरदार सरींत कोवळी मुळं उतारावरून निसटतात. उतारांवर तयार गवताच्या लाद्या (मुळं-मातीसकट कापलेले तुकडे) बसवा, सपाटीवर काड्या लावा.

सभासदांना कधी सांगायचं

आधी. आणि फोटो दाखवून. जुना आणि आजचा हवाई फोटो शेजारी शेजारी ठेवला की निम्मा विरोध तिथेच मावळतो. उरलेला विरोध काम झाल्यावरही राहतो. २०१४ मध्ये टीव्हीवर पाइनहर्स्टचे तपकिरी पट्टे पाहून अमेरिकेतही पुष्कळांनी नाकं मुरडली होती. त्याच तपकिरी मैदानावर मार्टिन कायमर आठ फटक्यांनी जिंकला, पुढच्या आठवड्यात मिशेल वी जिंकली आणि २०२४ मध्ये यूएस ओपन परत तिथेच आली. एका होलवर नमुना करून दाखवणं हाही चांगला मार्ग आहे, मात्र तो होल पहिला किंवा अठरावा नको. तिथे सगळे रोज उभे राहून मत देतात.

काम संपल्यावर

मैदान पुन्हा बिघडेल ते मशीनवरूनच, त्यामुळे शेवटचा दस्तऐवज मशीन चालवणाऱ्यासाठी बनवा. प्रत्येक ग्रीनची, फेअरवेची आणि बंकरची कड जीपीएसने मोजून नकाशा करा, तो मराठीत किंवा तिथल्या कामगारांना वाचता येईल त्या भाषेत छापा आणि शेडच्या भिंतीवर लावा. ग्रीनच्या कडेला जमिनीत छोटे धातूचे खिळे पुरून ठेवा, म्हणजे शंका आली की शोधयंत्राने कड परत सापडते. वालुकामय पट्ट्यांत कोणती रोपं राहू द्यायची आणि कोणती उपटायची, याची फोटोंसह यादी द्या. पाइनहर्स्टमध्ये अशा उघड्या पट्ट्यांची निगा राखण्याचं काम पूर्वीच्या एकसलग गवताहून सोपं नाही. तिथे पाणी आणि खत वाचतं, पण तण हातानेच काढावं लागतं. मजुरीच्या अंदाजपत्रकात ही रक्कम पहिल्याच वर्षी धरा. आणि दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच वेळी, त्याच उंचीवरून ड्रोनने एक फोटो काढून क्लबच्या दप्तरी तारखेसह लावून ठेवा.